मागच्या खुर्चीवरून

तालमीच्या माडीवर, दर मंगळवारी, सहाला.
खाली आखाड्यात पोरं शड्डू ठोकतात
आणि वर पंचवीस माणसं
मोबाईल चालू करायचं बटण शोधतात.

जागा तालमीची.
खुर्च्या आमच्या वाचनालयाच्या, चौतीस,
त्यातल्या पाच मी सुतळीनं बांधल्यात.
वायफाय दूध संस्थेचं,
खालच्या संकलन केंद्रातून जिना चढेपर्यंत दमतं.
शिकवायला कॉलेजची पोरं,
शिकायला बचत गटाच्या बाया, त्यांचे नवरे, एक दीर.
आणि सहकारी बँकेनं काय दिलं, तर फलक.

फलकावर कुणाचं नाव आधी
यावर तीन बैठका झाल्या.
पहिलीत मिसळ, दुसरीत नुसता चहा,
तिसरीत पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.
शेवटी वस्ताद सर्जेराव उठले.
"उलटा लावा गा त्यो. पांढरी बाजू म्होरं.
पोरास्नी पडदा पायजेच हाय."
तेव्हापासून सगळ्या संस्था भिंतीकडं तोंड करून
आणि पांढऱ्यावर मोठ्ठा कीबोर्ड,
त्यावर एक बाण, भांबावलेल्या कोंबडीसारखा.

सुमित्राबाई व्हटकर, वय त्रेसष्ट, काम चपलांचं.
चाळीस वर्षं कातडं, आरी, वादी,
बोटांवरच्या रेषा गेल्या.
रेशनच्या यंत्रात हिरवा दिवा लागत नाही,
यंत्र म्हणतं, ही तुम्ही नव्हे.
"मग मी कोण, ते तरी सांग की बाबा."
सासऱ्यानं तिला अंगठाबहाद्दर म्हटलं होतं.
आता त्या अंगठ्यालाही कुणी विचारीना.

मोबाईलची काचही दाद देईना.
तबस्सुम मणेर, बीएस्सी दुसरं वर्ष,
तिचा हात हातात धरून म्हणाली,
"आजी, दाबायचं नाही. टेकवायचं, सोडायचं."
"चपलेला अंगठा बसवताव, तसं?"
"तसं म्हणजे?"
मग पंधरा मिनिटं वर्ग उलटा चालला.
तबस्सुमनं पायातली चप्पल काढून हातात घेतली
आणि सुमित्राबाई शिकवत होत्या.

दस्तगीर मुजावरांना फोन आला. साहेबी आवाज.
खातं बंद पडतंय, मेसेजमधला आकडा सांगा.
"सांगतो की. मंगळवारी या, तालमीत, सहाला.
चपला भाईर काढा."
फोन कट.
बँकेचे गुरव साहेब आजवर फोटोपुरते यायचे.
हे ऐकून त्यांनी खुर्ची ओढली,
आणि पुढच्या वेळी कॅमेरा न घेता आले,
पासबुकातली चुकलेली आडनावं घेऊन बसले.

हजेरीपत्रक माझ्याकडं असतं.
त्यात माझं नाव नाही.
एकोणीस हजार पुस्तकांची कार्डं माझ्या अक्षरात आहेत,
वाचनालयाचा नवा संगणक दोन वर्षं झाकलाय,
कुणी विचारलं तर सांगतो, धूळ बसते.
इथं मी येतो खुर्च्या मोजायला.
मागच्या, सुतळीच्या खुर्चीवर बसतो
आणि तबस्सुम काय म्हणते ते
गुडघ्यावर बोटानं गिरवतो.

मागच्या मंगळवारी ती जवळ आली, हळूच म्हणाली,
"काका, सुतळी तपासून झाली असेल तर
मोबाईल काढा."
सगळ्यांचे नंबर तिनंच घालून दिले.

काल रात्री सव्वाअकराला मेसेज आला.
फोटो. एक चप्पल, तिरकी,
अर्ध्या चित्रात सुमित्राबाईंचं स्वतःचं पाऊल.
खाली लिहिलेलं:
तुमचा नंबर काय. आंगठा घट हाय
घालत रावा सैल हुईल

मी उत्तर लिहायला घेतलं. आठ.
'आ' सापडला.
'ठ' अजून नाही.
आपण लिहितोय हे म्हणे पलीकडच्याला दिसतं.
म्हणजे तिला दिसत असणार,
इतका वेळ.